घरची आठवण येईनाशी झाली तेव्हा

“हा होमसिकनेस नाही. तुम्हाला डिप्रेशन आहे,” मस्कतमध्ये कुरुम भागातल्या क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला चक्क हसू आलं. होमसिकनेस कसा असेल? मला घरची आठवण येतच नव्हती, हीच तर तक्रार होती. तीही माझी नव्हे, माझ्या बायकोची.

डॉक्टर केरळच्या. त्यांचं हिंदी तोडकंमोडकं, माझं इंग्रजी तसलंच. त्यामुळे त्यांनी लहान लहान वाक्यांत समजावलं, ते बरंच झालं. डिप्रेशन म्हणजे सतत रडणंच असं नाही. माझ्या बाबतीत मुख्य लक्षण होतं ते अ‍ॅनहेडोनिया, म्हणजे कशातच गोडी न उरणं. जेवणात नाही, माणसांत नाही, घरी जाण्यात नाही. “तुम्हाला काही हवंसं वाटणंच थांबलंय,” त्या म्हणाल्या. “ते परत येतं. वेळ लागतो.”

मी संगमेश्वरजवळच्या एका गावचा. मस्कतमध्ये एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर. अल अमेरातला दोन गाववाल्यांबरोबर फ्लॅटवर राहायचो. बायको मानसी आणि मुलगी चिमी गावी, माझ्या आईवडिलांजवळ. इकडे आल्यापासून मी मनानं कायम तिकडेच असायचो. मासे तिकडचे, पाऊस तिकडचा, भांडणंसुद्धा तिकडचीच चघळत बसायचो. आम्ही सगळेच तसे. आखातातल्या माणसाला घरची आठवण येते यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

ती कधी यायची थांबली ते मला सांगता येणार नाही. शुक्रवारचा फोन आधी लहान झाला, मग कामाच्या सबबीवर राहू लागला. जेवण घशाखाली ढकलायचो. सकाळी बूट घालायला बसलो की तसाच बसून राहायचो. मग वार्षिक सुट्टी आली आणि मी ती आपणहून पुढे ढकलली. अर्बाब, म्हणजे आमचा अरबी मालक, खूश. रूमवरचे दोघे त्याहून खूश. “सेट झाला रे संदीप! आता तू पक्का गल्फवाला!” म्हणत त्यांनी पार्टी मागितली. मी दिलीसुद्धा. ज्याला घरी जावंसं वाटत नाही तो सुधारला, अशीच आमची सगळ्यांची समजूत.

मानसीची समजूत वेगळी झाली. एका शुक्रवारी तिनं सरळ विचारलं, “अहो, तिकडं दुसरी कोण आहे का? असेल तर सांगून टाका.” मी “नाही” म्हणालो. ती रडत होती, ते मला नीट ऐकू येत होतं, आणि मला आतून काहीही होत नव्हतं. त्या काहीच न होण्याची मला फार भीती वाटली. संसार हातातून सुटतोय हे कळत होतं, पण मूठ आवळायची ताकदच नव्हती.

त्याच सुमारास आमच्यातला दळवी सुट्टीवर निघाला. निघणाऱ्यानं प्रत्येकाला विचारायचं, येताना काय आणू, ही आमची रीत. कुणी सोडे सांगतो, कुणी कोकम, कुणी आईच्या हातचं मेतकूट. सामान वीस माणसांचं आणि बॅग एकट्याची, म्हणून निघणारा शिव्या घालतो आणि तरी सगळं आणतो. मी म्हणालो, “मला काही नको.”

“अरे, वहिनीकडून काहीतरी आणतो की.”

“खरंच काही नको.”

पुढच्या शुक्रवारी दारात एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ उभे. “मी विल्फ्रेड. वसईचा. हॉटेलात किचन सांभाळतो,” असं म्हणत ते आत येऊन बसलेसुद्धा. “तुला काही नको म्हणे?”

मला रागच आला. दळवीनं चुगली केली होती, पण ती सांगून करवलेली चुगली होती. विल्फ्रेड अंकल आणि मस्कतच्याच अझैबा भागातल्या शुभदाताई, हे दोघे मिळून आपल्या लोकांसाठी एक काम चालवत होते. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ते बजावून ठेवायचे, ज्याला घरून काहीच नको असेल त्याचं नाव आम्हाला कळव. अंकल स्वतः पूर्वी याच आजारातून गेलेले. “मी पण ‘नको’ म्हणायचो,” ते म्हणाले. “नाताळात बायकोला सांगितलं, काय पाठवू नकोस. ती समजली, डायटिंग करतोय.”

त्यांच्या कामाला नाव नव्हतं, पाटी नव्हती. पाटीवर ‘मानसिक’ असं काही लिहिलं असतं तर ताईंच्या जिन्यावर आमच्यापैकी कुणी पाय ठेवला नसता. शुक्रवारी शुभदाताईंकडे चहा, एवढंच सांगितलं जायचं. ताई ठाण्याला समुपदेशक होत्या, पण इथलं लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं. ते त्या पहिल्याच भेटीत सांगत. “मी तुला बरं करणार नाही. ते डॉक्टर करतील. आम्ही फक्त सोबत येऊ, आणि परत परत येऊ.”

तशा त्या माझ्यासोबत क्लिनिकमध्ये आल्या. आधी रक्त तपासलं. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी मंदावली तरी माणूस असाच थंड पडतो, म्हणून ती तपासणी. ती नॉर्मल. व्हिटॅमिन डी मात्र तळाला गेलेलं. एवढ्या उन्हाच्या देशात! वेटिंग रूममध्ये मी तोंड लपवून बसायचो. शेजारी ताई नातवासाठी लोकरीचा स्वेटर विणत असायच्या. मस्कतमध्ये लोकर! “कुणी ओळखीचं भेटलं तर सांग, म्हातारीचे गुडघे दाखवायला आणलंय,” त्या म्हणायच्या.

औषध सुरू झालं. अँटीडिप्रेसंट, म्हणजे मेंदूतली रसायनं हळूहळू ताळ्यावर आणणाऱ्या गोळ्या. ‘हळूहळू’ हा शब्द नीट ऐका. पहिले काही दिवस मळमळ आणि कोरडं तोंड, फायदा शून्य. मी गोळ्या सोडणार होतो. अंकलनी फोनवर झापलं, “डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडलीस तर तुझ्या रूमवर मुक्कामाला येईन. मी घोरतो.”

ताईंचा एकच हट्ट होता, मानसीला सांग. शेवटी त्यांच्याच घरी बसून फोन लावला आणि जमेल तसं सांगितलं.  मानसी म्हणाली, “बाई असती तर परवडलं असतं हो. भांडता तरी आलं असतं. ह्याच्याशी मी कुठं जाऊन भांडू?”  मग, “गोळ्या घेता ना वेळेवर?”

त्यानंतर ती रोज फोन करू लागली. मी नुसता हं हं करायचो. ते तिला पुरायचं की नाही, मला ठाऊक नाही, पण तिनं फोन थांबवला नाही.

असेच आठवडे गेले. एका दुपारी अझैबातलं काम उरकून मी पिकअपमध्ये बसलो होतो, तेव्हा चिमीचा फोन आला. तिचा पुढचा दात पडला होता आणि आजोबांनी तो कौलांवर फेकला होता. ‘स’ म्हणताना तिची शिट्टी वाजत होती. मला एकदम तिच्या दातांतली ती खिंड बघावीशी वाटली. आज, आत्ता.

“चिमे, मी येईपर्यंत नवीन दात येऊ देऊ नको हां.”

“बाबा, दात काय आपल्यासाठी थांबतो? तू लवकर ये ना.”

फोन ठेवला आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडलो. आईची, मानसीची, ओल्या अंगणाची, गोठ्यातल्या म्हशीची, सगळ्यांची आठवण एकदम अंगावर आली. छातीत खरोखर दुखत होतं. घाबरून अंकलना फोन केला. “अंकल, घरची फार आठवण येतेय हो.” पलीकडे भांडी वाजत होती. मग ते म्हणाले, “रड, बाबा, रड. शाबास.” त्यांचाही आवाज ओला झाला होता.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे दुखणं कशानं थांबेल? त्या हसल्या. “आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या. ह्याला मात्र माझ्याकडे औषध नाही.”

म्हणून सांगतो, परक्या देशात घरच्या आठवणीनं जीव कासावीस होत असेल तर होऊ द्या. ज्या दिवशी तो कासावीस व्हायचा थांबेल, त्या दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. एकट्यानं जाऊ नका.

मी सुट्टी मागितली. अर्बाब म्हणाला, इन्शाल्ला, आणि साइटचं काम संपेपर्यंत मला अडकवून ठेवलं. घरी पोचलो तेव्हा मानसी ओट्यावर उभी होती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चिमी धावत आली आणि तिनं तोंड उघडून दाखवलं. खिंड नव्हती. नवा दात जवळजवळ पूर्ण वर आला होता. तो बघून मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच अंगणात खाली बसलो. मानसी जवळ आली, माझे डोळे बघितले आणि म्हणाली, “आलात एकदाचे.”