दौलतभाऊंचा क्यू

नव्या लाटण्याला तेल चोळून दोन दिवस उन्हात ठेवायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. पूल खेळायच्या काठीचं, म्हणजे क्यूचं, तसं करायचं नसतं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी मी माझा नवाकोरा क्यू तेलानं माखला आणि मलकापूरच्या भर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीला टेकवून उभा केला. दोन दिवसांनी तो पुसताना स्वतःचं कौतुकही करून घेतलं. तेव्हा मी फार हुशार होते.

हा क्यू केला होता दौलतभाऊंनी. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. बसस्टँडमागे त्यांचं लाकूड कातायचं, एका मशीनवर चालणारं दुकान होतं. पाळण्याचे पाय, लाटणी, ताकाच्या रव्या, असली कामं. लाटणं न्यायला कुणी पुरुष आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लाटते कोन?"

"बायको."

"मंग तिले धाडा. तुमचा हात पाहून मी काय करू?"

गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जायचं. दौलतभाऊ खुशाल बिडी पेटवायचे.

मी तेव्हा एका जिनिंगच्या ऑफिसात टायपिस्ट होते. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या करमणुकीला मालकांनी पूलचं टेबल आणलं. व्यापारी मोबाइलवर बोलत बसायचे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते टेबल माझं. काठीनं चेंडू ढकलायचा आणि दुसरा चेंडू टेबलाच्या खिशात पाडायचा, एवढंच ते. पण मला त्याचं वेड लागलं. स्वतःचा क्यू हवासा वाटू लागला. मी वहीत त्याचं चित्र काढलं. मुठीवर मोर, त्याखाली वेल, पितळेच्या सात कड्या आणि माझं नाव, आडनावासकट.

दौलतभाऊंनी वही उलटी धरून पाहिली, मग सुलटी. "ताई, हे खेळाले पाह्यजे का बारशाले?"

मग ते ऑफिसात येऊन स्टुलावर बसले आणि दोन दिवस माझा खेळ पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात झाडू दिला. "झाडा." मी झाडलं. "आता वाकून टेबलाखालचं झाडा." तेही झाडलं. हा माणूस क्यू करणार आहे की मला कामाला ठेवणार आहे, मला काही कळेना. पुढे सहा महिने ते एकेक काठी आणून देत. "वजन कुठी वाटते? मांगं का पुढं?" मी एकदा मागे म्हणायची, एकदा पुढे. ते दोन्ही वेळा मान हलवायचे.

मोर गेला, वेल गेली, नाव गेलं. पुढचा भाग धामणीच्या लाकडाचा, मूठ काळ्या शिसवीची आणि मध्ये एकच पितळी कडी. माझ्या स्वप्नातला क्यू असा साधा आहे, हे मला तो हातात आल्यावर समजलं.

त्या वर्षी दौलतभाऊंचा उजवा हात थरथरू लागला होता. ते म्हणाले होते, "हा सरळ निंघाला तं मशीन चालू ठेवतो, ताई. नाही तं पोतं टाकून देतो तिच्यावर." क्यू देताना त्यांनी तो काचेवर गडगडवून दाखवला. खाली केसाएवढीही फट नव्हती. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला भजी खाऊ घातली.

आणि त्यानंतर मी तेल लावलं.

मग माझा प्रत्येक चेंडू डावीकडे जाऊ लागला. मला वाटलं, डोळे गेले. मी नवा चष्मा केला. चेंडू आता अगदी स्वच्छ दिसायचा, डावीकडे जाताना. एका दुपारी दौलतभाऊ खेळ पाहायला आले. एक फटका पाहिला, दुसरा पाहिला, क्यू मागून घेतला आणि टेबलावर गडगडवला. तो उड्या मारत गेला. दौलतभाऊंनी क्यूकडे पाहिलंच नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानावरून गेले, तर मशीनवर पोतं.

माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. तेलानं लाकूड वाकतं का? मग माझं लाटणं कसं सरळ? उन्हानं वाकलं असेल, तर लाटणंही उन्हातच होतं. की खरंच त्यांच्या हातानं चुकलं? हे शेवटचं मला सोयीचं होतं, म्हणून मी ते पुनःपुन्हा घोळवलं. काचेवर सरळ गेलेला क्यू मीच डोळ्यांनी पाहिला होता, तेवढं सोडून. आठव्या दिवशी मी क्यू उचलला आणि दुकानात गेले.

"दौलतभाऊ, याला तेल मी लावलं. उन्हातही मीच ठेवला."

ते पोत्याशेजारी बसून होते. "उभा का आडवा?"

"टाकीला टेकवून."

"कितीक दिवस?"

"दोन."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हाच क्यू माझ्या पाठीत बसणार. तर ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. डोळे पुसून उठले, पोतं ओढून कोपऱ्यात फेकलं आणि माझ्यावर ओरडले, "सांगाले काय झालतं तुमाले, ताई? आठ दिवस झाले, मी चहाचा कप बी दोन्ही हातानं धरून राह्यलो!"