शिडावरचा हरभरा

हातातला चहा आधी संपवा. अर्धा कप तसाच धरून हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला होता, की पाठ चोळायला दोन माणसं लागली. माझी फजिती आहे, मोठी आहे, भर नदीत आणि तीन गावांसमोर झालेली आहे. हसा खुशाल. मला आता त्याचं काही वाटत नाही. फारसं.

माझं सगळं शिक्षण केरळात झालं. वडिलांची नोकरी तिकडे होती. तिथे समुद्राच्या काठाकाठानं पाण्याच्या लांबच लांब वाटा आहेत आणि त्या वाटांवरून शिडाच्या होड्या जातात. नारळ, भात, कौलं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं होडीतून, आणि घाई कुणालाच नाही! ते बघत मी वाढले आणि ठरवून टाकलं, की आपल्या जालन्याला परत जायचं आणि गोदावरीवर हेच करायचं. डोळ्यांपुढे चित्र अगदी तयार होतं: रुंद नदी, पांढरी शिडं, काठावर हात हलवणारी माणसं.

प्रत्यक्षात काय होतं? घनसावंगी तालुक्यातली आमची नदी उन्हाळ्यात बैलगाडीनं ओलांडता यायची. पावसाळा सरला आणि बंधाऱ्याची दारं टाकली, की मागे पाणी तुंबायचं. त्यात म्हशी डुंबायच्या. होडी म्हणाल तर एकच, किसनमामा नावाड्याची. पूल झाल्यापासून ती काठावर पालथी पडलेली, आणि तिच्या सावलीत एक कुत्री व्यायलेली.

पण मी चोवीस वर्षांची होते हो! चोविसाव्या वर्षी माणूस कुत्रीकडे बघून माघार घेतो का?

नवीन लग्न झालेलं. नवरा, मुकुंद, गावच्याच शाळेत गणित शिकवायचा. शांत माणूस. मी काही बोलले की "बराबर हाय" म्हणायचा. मला वाटायचं, याला पटलं.

नदीतून मालवाहतूक कशी होईल यावर मी पारावर तीन भाषणं दिली. पहिल्याला अकरा माणसं होती. तिसऱ्याला दोन. त्यातला एक मुकुंद, आणि दुसऱ्याला झोप लागली होती.

मग मी म्हटलं, बोलणं बास, आता करून दाखवायचं. दिवाळीची सुट्टी होती. आमच्या गावापासून वरच्या अंगाला, कुंभार पिंपळगावच्या बाजाराची वाट जिथे नदीला लागते तिथवर, नवरा-बायकोनं शिडाच्या नावेतून जायचं. मधे दोन गावं. एस्टीनं पाऊण तास. मी सांगितलं, आपण सकाळी निघू, दुपारपर्यंत पोचू.

"बराबर हाय," मुकुंद म्हणाला.

कुत्रीला पिल्लांसकट गोठ्यात हलवलं, किसनमामानं नाव सुलटी करून डांबर लावून दिलं. प्रश्न शिडाचा. एवढं मोठं कापड आणायचं कुठून? मुकुंदचा चुलतभाऊ जालना एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात कामाला. त्यानं छपाई तिरकी झालेल्या रिकाम्या बॅगा पाठवल्या. प्लास्टिकच्या, पांढऱ्याशुभ्र, मजबूत. शिंप्यानं सोळा बॅगा उसवून एकमेकींना जोडल्या.

"छपाईची बाजू आपल्याकडं घे," मुकुंद म्हणाला.

"म्हणजे दिवसभर मी जाहिरात बघत बसू? मला कोरं पांढरं शीड दिसायला पाहिजे. छपाई जाऊ दे बाहेर."

"अगं पण..."

"मुकुंद!"

"बराबर हाय."

आठ बॅगा उरल्या. रिकामी नाव चालवून काय सिद्ध होणार? वजन घेऊन जायला हवं. म्हणून मी त्या बॅगांत वाळू भरली आणि सुतळीनं तोंडं शिवून टाकली. माल तयार!

सकाळी निघालो. पूर्वेचा वारा पाठीशी, शीड पुढे फुगलेलं, मी मागे सुकाणू धरून, मुकुंद मधे वाळूच्या बॅगांवर. सुंदर! फक्त वेग जरा बेताचा होता. किती बेताचा? मागून एक म्हैस पोहत आली, आम्हाला गाठलं, पुढे गेली, आणि जाताना मान वळवून बघितलं. मुकुंदनं तिला नमस्कार केला.

पहिलं गाव दिसायला लागलं. काठावर धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून उभ्या राहिल्या आणि अचानक गावाकडे पळत सुटल्या. थोड्या वेळात काठ माणसांनी भरला. कुणी अर्धी दाढी करून आलेलं, कुणी हातात कासरा घेऊन, बैल मागे राहिलेला!

"आली! नाव आली! जल्दी या!"

माझे डोळे भरून आले. माझ्या चित्रातली माणसं! हात हलवणारी!

नाव काठाला लागली तशी मी बॅगांवर चढून उभी राहिले. "बंधूंनो, भगिनींनो! हा माल बघा. हा इथवर आणायला डिझेलचा एक थेंब लागला नाही!"

टाळ्या!

"म्हंजी आणायचा खर्चा न्हाई?" एकानं विचारलं.

"बिलकुल नाही!"

"मंग सस्तं पडंल!"

"पडणारच!"

पुन्हा टाळ्या! तुम्हीच सांगा, पारावर दोन माणसं मिळत नव्हती तिला हे झेपेल का? माझा आवाज चढला, हात आपोआप हलायला लागले. एकही माणूस जागचा हलला नाही.

"बाई, हे उतरवायचं कुठं?"

"वरच्या गावाला. पण सगळ्यांना संधी आहे. इच्छुकांनी नावं द्या!"

वही काढली मात्र, नावेला गराडा पडला. "आमचं बी लिवा! तीन एकर!" "माझं दीड एकर!" मी लिहीत गेले. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा माल बाजाराला जाणार. माणसं किती व्यवहारी, आपणहून आकडा सांगतायत! गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, पारूबाई. माझं मनगट धरून म्हणाली, "लिही माय, दोन बॅगा. पक्कं लिही. मी आज तालुक्याला चालले होते. आता तुमी आल्या म्हणून जात न्हाई. पर लवकर करा हं, ओल उडून चालली."

"नदी आटायच्या आत सगळं सुरू होईल, आजी!" मी म्हणाले.

नाव पुन्हा पाण्यात घेतली. मी तरंगत होते. नाव कमी, मीच जास्त.

"ऐक ना," मुकुंद हळूच म्हणाला, "मला एक सांगायचंय."

"शिडाकडे लक्ष दे. वारा पडतोय."

दुसऱ्या गावाला तर कमाल झाली. आमच्या आधीच कुणीतरी सायकलवरून काठाकाठानं बातमी नेली होती. आम्हाला ओलांडून जाणारा एक सायकलवाला मी बघितला होता, पण आम्हाला सगळेच ओलांडून जात होते, त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. काठावर बायका ताटं घेऊन उभ्या! आम्हा दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. मग एकेक जण वाकून बॅगांना हळदकुंकू वाहायला लागली, वर दोन दोन फुलं.

आता सांगा, पेरणीच्या आधी बियाण्याची पूजा करतात हे शेतकऱ्याच्या घरात लग्न करून आलेल्या बाईला कळायला नको? कळायला हवं होतं! पण माझी अवस्था काय होती? मी मनात म्हटलं, या बायका नावेची नाही, मालाची पूजा करतायत. व्यापाराची किती खोल समज!

एक आजोबा मुकुंदला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते. मुकुंद आभाळाकडे बघत होता.

निघाल्यावर तो पुन्हा म्हणाला, "मी म्हणत होतो, ते सांगायचं..."

"मुकुंद, आजचा दिवस आपण आयुष्यभर आठवणार आहोत. आत्ता नको बोलूस."

"बराबर हाय," तो म्हणाला. हे मात्र त्याचं खरंच बरोबर निघालं.

शेवटच्या गावी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आणि समोर काय? सात बैलगाड्या. एक टेम्पो. आणि रांग! घाटाच्या पायरीपासून देवळापर्यंत माणसांची सरळ रांग. रांगेपुढे दादाराव, गावातलं वजनदार माणूस, धोतराचा सोगा हातात धरून ओरडत होते, "वळीनं! ढकलू नका! समद्यायला भेटंल!" आणि देवळाच्या ओट्यावर आमचे किसनमामा बसलेले. नाव परत न्यायला ते मागाहून निघणार होते, तर एस्टीनं येऊन, जेवून, एक झोप काढून मोकळे!

दोन गड्यांनी पहिली बॅग उचलली आणि वाकले.

"आरं तिच्या! काय वजन हाय!"

"दाणाच तसा भरल्याला असंल," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

दाणा? मी मुकुंदकडे बघितलं. मुकुंदनं वल्ह्याकडे बघितलं.

दादारावांनी विळ्यानं सुतळी तोडली, ओंजळ आत घातली. वर काढली. बोटांतून वाळू गळायला लागली. त्यांनी तळहातावर चोळली. वास घेतला.

"बाई," ते म्हणाले, "ही वाळू हाय."

"हो! गोदावरीचीच! चाळून भरलीय!"

"आन् हरभरा?"

"कुठला हरभरा?"

त्यांनी विळ्याचं टोक नावेकडे केलं. मी नावेतून गुडघाभर पाण्यात उतरले, चालत पुढच्या अंगाला गेले, आणि दिवसभरात पहिल्यांदा माझं शीड समोरून बघितलं. सोळा बॅगा. सोळा हिरवीगार हरभऱ्याची झाडं. सोळा वेळा, जरासं तिरकं, ‘प्रमाणित बियाणे’. खाली रांगेनं ठेवलेल्या बॅगांवरही तेच, वर ताजं कुंकू.

त्या वर्षी हरभऱ्याचं बियाणं मिळत नव्हतं. तालुक्याच्या दुकानांपुढे माणसं पहाटेपासून उभी राहत होती. हे मला माहीत नव्हतं. मला नद्या माहीत होत्या.

"अख्खा दिवस लोकायला खेळवून राह्यल्या!" मागून एक जण तडकला. "कामधंदा सोडून आलो!"

"गप रे," दादाराव त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सावकाश, "बाई, माझं जाऊ द्या. पर खालच्या दोन गावची माणसं तुमच्या भरवशावर घरी बसली. तालुक्याला गेली न्हाईत. जमिनीत ओल हाय ती चार दिवस. मंग पेरून बी उगवायचं न्हाई."

मी वही उघडली. त्रेसष्ट नावं. तीन एकर. दीड एकर. पारूबाई, दोन बॅगा, पक्कं. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

मी वाळूच्या बॅगेवर बसले. कुंकवाच्याच.

"तुला माहीत होतं?" मी मुकुंदला विचारलं.

"पहिल्या गावाला शंका आली. दुसऱ्या गावाला त्या आजोबानं विचारलं, मास्तर, उगवण कशी हाय. तवा पक्कं झालं."

"आणि तू गप्प बसलास?"

"दोनदा तोंड उघडलं. तू दोनदा मला शिडाकडं बघायला लावलंस... न्हाई, दुसऱ्यांदा नुसतंच गप केलंस." मग जरा थांबून, नखानं बॅगेवरचं कुंकू खरवडत म्हणाला, "आन् खरं सांगू? तुझं भाषण चाललं होतं. एक माणूस उठून जात नव्हता. तू इतकी खूष होतीस, मला वाटलं, काठाला लागल्यावर सांगू. चुकलंच माझं."

मला रागवायचं होतं हो. भयंकर रागवायचं होतं. पण नेमकं तेव्हाच हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर जे काही होतं ते बघून दादाराव घाबरले. "ए, पाणी आणा! बाई, आधी घरी चला, भाकरी खा. वाळूचं उद्या बघू."

त्यांच्या घरी पिठलं-भाकरी झाली. तडकलेला तो माणूसच वाढायला होता. "खा वहिनी, खा," म्हणत होता, "हे खरं हरभऱ्याचंच हाय. प्रमाणित."

सकाळी उठले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. टेम्पोवाला अजून गावातच होता. त्याला घेऊन थेट जालना गाठायचं, त्या चुलतभावाला कारखान्याच्या दारात धरायचं आणि त्रेसष्ट नावांना पुरेल एवढा हरभरा मिळवल्याशिवाय हलायचं नाही. परत येताना गाव घेत घेत वाटायचा. पारूबाईंच्या दोन बॅगा सगळ्यांत आधी.

"डिझेल किती टाकू, बाई?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

मी इकडे तिकडे बघितलं. "टाकी भर," हळू आवाजात म्हणाले.

"बराबर हाय," मुकुंद म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्यानं हौद्यात जाऊन बसला.

तेवढ्यात घाटावरून किसनमामांनी हाक मारली. ते नावेत उभे होते, शिडाची दोरी हातात. माझ्या नावेचं, माझ्या शिडाचं अगत्य असलेला अख्ख्या तालुक्यात तो एकच माणूस. "बाई! टेम्पोत धूळ खाता कशाला? बंधाऱ्यापर्यंत नावंनंच चला की! लई झ्याक चालती आता!"

मी टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून ओरडून सांगितलं,

"नको मामा! आज जरा घाई आहे!"