वाघमोडे सरांचा पाण्याचा पेला

वाघमोडे सर प्रश्न विचारून झाला की पाणी प्यायचे. घटाघट नव्हे. पेला उचलायचा, सावकाश अर्धा रिकामा करायचा, ओठ पुसायचे. तेवढ्या वेळात आमच्या दौंडच्या कॉलेजातली बारावीची पोरं डोकं खाजवायची आणि कुणीतरी उत्तर द्यायचं. तो पेला पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायचा.

इंटरनेट आमच्याकडे नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. संस्थेनं ठरवलं, की भौतिकशास्त्राचे अवघड धडे शिरूरच्या कॉलेजातून वाघमोडे सर शिकवतील आणि आमच्या वर्गात ते पडद्यावर दिसतील. पडद्याशेजारच्या खुर्चीत बसायला मी. वर्ग माझा, पोरं माझी, विषयही माझाच, आणि शिकवणार हा शिरूरचा गडी! पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

लाईन इतकी अशक्त होती की आमच्याकडून चित्र जात नसे, फक्त आवाज जायचा. तरी त्या माणसानं महिन्याभरात माझी पोरं आवाजावरून ओळखायला सुरुवात केली. "सविता, आज गप का?" असं ते शिरूरहून विचारायचे आणि मागच्या बाकावरची सविता ताठ बसायची. सविता म्हणजे माझी मुलगी. घरी मी काही समजावू लागलो की तिला जांभया यायच्या. इथं मात्र ती हात वर करायची, तिकडे तो दिसत नाही हे माहीत असूनसुद्धा. मला ते बघवत नसे.

एकदा फोनवर मी खोचकपणे विचारलं, की तासभर पाणीच पीत बसायचं का. ते रागावले नाहीत.

"सर, आवाज तिकडं पोचायला येळ लागतोय, आन् डोक्यात शिरायला त्याहून जास्त. आपण गप बसल्याबिगर पोरं बोलत न्हाईत."

सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. समोरच्या पोरानं जांभई दिली तर दिसते, पडद्यापलीकडची कोण दाखवणार, असं त्यांचं म्हणणं.

लाईन तुटावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. एका सकाळी ती तुटली. पडद्यावर सरांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मी खडू घेऊन उठलो, बाह्या सारल्या, तोच शिपाई मोबाईल घेऊन आत आला. फोन सरांचाच. असं कधीतरी होणार हे धरून आकृत्यांचे कागद त्यांनी आदल्या दिवशीच एसटीनं धाडले होते, आणि सवितानं ते वाटूनही टाकले होते. "आता तिसरी आकृती बघा," स्पीकरवर आवाज आला. तास संपेपर्यंत मी माझ्याच वर्गात फोन धरून उभा होतो. हात भरून आला, पण माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

वर्ष संपताना संस्थेनं तो उपक्रम गुंडाळला आणि निरोपाला सर पहिल्यांदाच दौंडला आले. सविता नुसतं "सर" म्हणाली, तेवढ्यावर त्यांनी तिला नावानिशी ओळखलं. मी तोंडदेखलं हसलो. मग त्यांनी मलाच शिकवायला लावलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी घर्षण घेतलं आणि माझा हमखास किस्सा सांगितला, नवे बूट घालून चिखलात घसरलेल्या माझ्या सासऱ्यांचा. वर्ग खदखदून हसला. सविताही हसली. आजोबा तिचेच होते.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. शिरूरच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले,

"सर, मला तुमचा लई हेवा वाटायचा. माझं शिकवून झालं तरी तुमचा माईक चालूच ऱ्हायचा. तुम्ही कायतरी बोलायचा आन् पोरं तवाच्या तवा हसायची. माझ्या इनोदाचं हसू माझ्याकडं यायचं, पर मी पुढं गेल्यावर."

गाडी गेली. मी तिथंच उभा. वर्षभर जळलो मी, आणि ते मनमोकळं बोलून दाखवायचं धाडस केलं त्यांनी. हेवासुद्धा या माणसानं माझ्यापेक्षा चांगला केला!

आता प्रश्न विचारला की मीही पाणी पितो. सविता हल्ली स्वतः शिकवते. परवा सुट्टीवर आली तेव्हा माझ्या वर्गाबाहेर उभी राहून ऐकत होती. तास संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला.

"छान होता, आप्पा," ती म्हणाली. "पण पाणी प्यायची घाई करता. वाघमोडे सर सावकाश प्यायचे."