अडकलेल्या पडद्याचा सूर

पडदा वर जातो तेव्हा दुपार आहे. विद्यापीठातला एक वर्ग. बाकं उतरती, थेट नाट्यगृहासारखी. फळ्यावर खडूने लिहिलेलं: बौद्धिक संपदा कायदा. मागे तरणी पोरं डुलक्या काढताहेत आणि पहिल्या रांगेत, ऐन मधोमध, साठी उलटलेली एक बाई चष्मा सावरून बसली आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. तिची हयात एका नाटक कंपनीच्या कपडेपटात गेली. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय अशी, की आजही ती ओठांच्या कोपऱ्यातून बोलते.

"या वयात वकिली, मावशी?" शेजारच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"वकिली कसली गं! एकच खटला आहे माझा. तेवढ्यापुरतं शिकते आणि जाते घरी."

खटला तिच्या नवऱ्याचा. तो कंपनीत व्हायोलिन वाजवायचा. तिसरी घंटा झाली, की पडदा उघडताना वाजणारी चाल त्याने बांधली होती. जाहिरातीत नटांची नावं ठळक. वाजवणाऱ्याचं नाव छापायची रीतच नव्हती. पुढे कंपनी बुडाली, नवराही गेला. चाल मात्र गावभर उंडारत राहिली. वीज कंपनीला फोन केला, की 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे तीच. मावशी बिलाची तक्रार विसरून नुसती ऐकत राहायची. एकदा तिने विचारलं, "ही चाल कुणाची हो?" पलीकडचा म्हणाला, "कुणाची नाही, आजी. जुनी आहे." त्याच आठवड्यात तिने विद्यापीठात नाव घातलं.

आणि इथे, वर्गाला शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकात, उदाहरण म्हणून वीज कंपनीच्या फोनवरची तीच चाल! खाली दोन शब्द: कर्ता अज्ञात.

मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या, पण बाई सरळ. "नवी आवृत्ती निघतेय, मावशी. मी आनंदाने नाव घालीन. पण तुमच्या शब्दाला कुणाचा तरी दुजोरा हवा."

मग एके दिवशी मॅडम शिकवत होत्या, नक्कल ओळखायची कशी. "नकाशा काढणारे मुद्दाम एखादी खोटी गल्ली घालतात. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली, की चोरी पकडली! चांगली कल्पना दोघांना सुचू शकते. तीच चूक मात्र सहसा सुचत नाही."

मावशी ताडकन उभी राहिली. "आहे! चूक आहे! शेवटचा सूर लांबतो बघा, उगाचच. चाल संपली तरी वाजवणारे सगळे तो ताणत बसतात. अहो, आमचा पडदा अर्ध्यात अडकायचा! तो सुटेपर्यंत आमचे हे व्हायोलिनवर सूर धरून ठेवायचे."

वर्ग खडबडून जागा झाला. मॅडम हसल्या. "फारच छान. पडदा कोण ओढायचं?"

दोरीवाला अजून होता. सुनेच्या घरी, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला. मावशीचं सगळं ऐकून तो भडकलाच.

"माझा पडदा अडकायचा? वहिनी, जीभ आवरा! हयातीत एकदाही अडकला नाही."

"भावजी, दर प्रयोगाला अडकायचा."

"तुम्ही कपडे सांभाळा. पडद्याचं मला सांगू नका."

सून आतून म्हणाली, "मामंजी, चहा तरी घेऊ द्या त्यांना, मग भांडा."

मावशीने वाद घातला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि ती चाल गुणगुणू लागली. म्हाताऱ्याचे डोळे मिटले. दोन्ही मुठी आपोआप वर गेल्या आणि हवेतली दोरी ओढू लागल्या, एकामागून एक, तालात. शेवटचा सूर आला. मुठी थबकल्या. मावशीने सूर धरून ठेवला. म्हाताऱ्याने दात आवळून एक हिसडा दिला, मग दुसरा, आणि हात सरसरत खाली आले.

त्याने डोळे उघडले. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "सांगतो तुमच्या मॅडमना. पण दोरी ओली व्हायची म्हणून अडकायचा. आणि छप्पर मालकाचं गळायचं, माझं नव्हे. हेही लिहायला सांगा."

दोरीवाला खरोखरच आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि सगळं सांगून गेला. मॅडमनी भर वर्गात पुस्तक उघडलं, 'कर्ता अज्ञात'वर काट मारली आणि तिथे नवऱ्याचं नाव लिहून मोठ्याने वाचलं. पोरांनी बाकं बडवली, शिट्ट्या मारल्या. मग मॅडमनी चाल लावली. शेवटचा सूर आला, लांबला आणि संपला. मावशी समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिली.

"मावशी, जिंकलात की!" शेजारची मुलगी म्हणाली. "मग अशा गप्प का?"

"मी विंगेत उभी असायचे गं, नायिकेची शाल घेऊन," मावशी म्हणाली. "पडदा अडकला, की हे सूर धरून माझ्याकडे बघायचे. तेवढंच. सुटला की परत आपल्या वाजवण्यात. रोज वाटायचं, अडकू दे अजून थोडा."