डोंगरापलीकडचं बिऱ्हाड

विमानतळावर मंदाकिनीकाकू रडल्या नाहीत. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "इथनं ती नदी किती लांब?"

मी म्हटलं, "गाडीने तीन तास तरी, काकू. डोंगर ओलांडून पलीकडे, पश्चिमेला."

"मग आज जाता येईल," त्या म्हणाल्या.

नारायणकाका मागे ट्रॉली धरून उभे होते. 

ही गोष्ट २००७ सालच्या फेब्रुवारीची. त्यांचा मुलगा अभिनव ख्राइस्टचर्चला शिकत होता तेव्हा ओळखीने हॉर्नबी उपनगरात आमच्याच घरी राहायचा. शिक्षण झाल्यावर त्याला डोंगरापलीकडे एका लहान गावातल्या हॉटेलात स्वयंपाकघराचं काम मिळालं. गाव म्हणजे ते हॉटेल, रेल्वेचे रूळ, थोडी लाकडी घरं आणि नदी. सुट्टी असली की डोंगरात चालायला जायचा. जानेवारीत असाच एकटा गेला, वरच्या बाजूला पाऊस झाला, नदी ओलांडताना वाहून गेला. पलीकडच्या वाटेवरच्या दोघांनी पाहिलं, म्हणून निदान एवढं कळलं. पोलिसांचा फोन आमच्याकडे आला, कारण त्याच्या कागदांवर आमचाच पत्ता होता. काका-काकूंना इस्लामपूरला फोन ह्यांनी केला. माझ्याच्याने झाला नाही.

इस्लामपुरात काकूंची पिठाची गिरणी होती. काका साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळे गिरणी काकूंनीच चालवली. पट्ट्याच्या आवाजात बोलून बोलून आवाज चढा झालेला. माझी जुई तेव्हा सहा वर्षांची. ती इंग्रजीतच विचारायची, "आजी नेहमी रागावलेली का असते?" मी मराठीत सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "रागावले नाही गं बाई. मला अजून गिरणी चालू आहे असंच वाटतं." आणि मग मुद्दाम जुईच्या कानाशी जाऊन आणखी मोठ्याने, "काय ग चिमणे, दळण कुणाचं?" जुई हसून पळायची. एवढ्या दुःखातही त्या लेकराशी खोटं हसू हसायच्या नाहीत, खरं हसायच्या. ते मला बघवायचं नाही.

पहिले काही आठवडे ह्यांनी त्यांना दोन-तीनदा तिकडे नेऊन आणलं. पोलिसांशी बोलायला काका जायचे, कारण त्यांना कचेरीतलं इंग्रजी येत होतं. काकू नदीकाठी दगडावर बसून राहायच्या. एकदा परत आल्यावर काकांनी सांगितलं, "शोध थांबलाय. पाणी उतरलं की बघू म्हणालेत." काकूंनी ते मनात धरून ठेवलं. पाणी उतरलं की.

मी फार देवभोळी नाही. सकाळी कामाला जायच्या आधी दिवा लावते, जपाची माळ ओढते, तेवढंच. आमच्या खोलीतल्या फळीवर काकूंनीही आपला बाळकृष्ण मांडला. रोज आंघोळ करून पूजा, फूल, नैवेद्य. सुतक त्यांनी धरलंच नव्हतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशाचं सुतक, असं त्यांचं म्हणणं.

चैत्रात रिकार्टनला माझ्या मैत्रिणीकडे, कांचनकडे, हळदीकुंकू होतं. काकू घरात बसून राहतात म्हणून मी त्यांना बळेच नेलं. त्यांनी जरीचं नाही, पण चांगलं लुगडं नेसलं, डोक्यात फूल घातलं. कांचनने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं राजश्री, त्या सुतकात ना? हळदीकुंकवाला कशाला आणलंस?"

काकू मागेच उभ्या होत्या. "कुणाचं सुतक गं?" त्या म्हणाल्या. "नाव घेऊन सांग. म्हणजे मलाही कळेल."

कांचन ओट्याकडे वळली. कैरीची डाळ वाटीत घालून तिने पुढे केली. काकूंनी ती शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली, ओटी घेतली आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पुन्हा मला कुठे नेऊ नकोस."

मे महिन्यात काकांनी विषय काढला. गावच्या गुरुजींशी त्यांचं बोलणं झालं होतं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग पुढचं सगळं करता येतं. पितृपक्षाच्या आत व्हायला हवं, म्हणून परतीची तिकिटं काढू या.

"गवताच्या बाहुल्याला अभिनव म्हणू?" काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"मंदा, त्याला गती मिळायला नको?"

"त्याला एकटं टाकून जायचं आणि वर गती द्यायची. अहो, तो तिथं कुठल्या तरी वळणावर दगडांखाली असेल. त्याचं म्हणायला त्या गावात एक माणूस तरी नको? तुम्ही जा. मी तिकडेच बिऱ्हाड करते."

आम्हाला वाटलं, दुःखाने बोलतायत. पण त्या खरंच मागे लागल्या. अभिनवच्या हॉटेलमधल्या मुलीकडून कळलं की नदीजवळ एक घर भाड्याने द्यायचंय. देशात राहायचं परमिट वाढवून मिळालं होतं, ते संपेतोवर तरी राहता येईल. हॉटेलात चादरी धुवायला बाई हवी असेल तर तेही करीन, म्हणाल्या. त्याला कामाचा परवाना लागतो हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "फुकट धुवीन. फुकट धुवायला कुणाचा परवाना लागतो?"

ह्यांनी समजावलं. तिकडे थंडी कशी असते, रस्ता बंद होतो, दुकान नाही, भाषा येत नाही. मी समजावलं. काका नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला त्यांचा राग यायचा, की हा माणूस काहीच कसा बोलत नाही. शेवटी जूनमध्ये एका शनिवारी मीच म्हटलं, चला, घर बघून येऊ. बघितल्यावर त्यांचं त्यांनाच कळेल. काकांना विचारलं, तर म्हणाले, "मी नाही येत."

पोर्टर्स पासच्या घाटात रस्त्याच्या कडेला बर्फ होतं. मी जीव मुठीत धरून गाडी हाकत होते. काकू मात्र काय काय न्यायचं ते बोलत होत्या. दोन पातेली, कुकर, रजई. बाळकृष्ण. घाट उतरून पलीकडे गेलो तर ऊन संपलं. दुपार असूनही गाव सावलीत होतं.

घराचा मालक नेव्हिल म्हणून म्हातारा होता. एवढ्या थंडीत अर्धी चड्डी, गमबूट आणि लोकरीची जुनी जर्सी. त्याने प्रामाणिकपणे सगळं दाखवलं. भिंतीला काळी बुरशी होती, ती दाखवली. हिवाळ्यात काही आठवडे ऊन डोंगरावरून खाली येतच नाही, हे सांगितलं. शेगडीला लाकडं फोडावी लागतील, म्हणाला. मी एकेक सांगत गेले आणि काकू "बरं" म्हणत गेल्या. त्यांनी पूर्व कुठली विचारली. त्याने डोंगराकडे बोट केलं. "मग देव इथं ठेवीन," शेगडीवरच्या फळीला हात लावत त्या म्हणाल्या. मागच्या खिडकीतून नदी दिसत होती, निळसर, पांढऱ्या धोंड्यांमधून. त्या तिथं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे घर मी घेणार. त्याला विचार, नदीचा कुठला भाग शोधायचा राहिलाय? उन्हाळ्यात पाणी कमी झालं की मी रोज थोडं थोडं चालीन."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. ही त्या वाहून गेलेल्या मुलाची आई आहे, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. शोध घेणाऱ्यांमध्ये तोही होता.

"त्यांना कुणी सांगितलं नाही?" त्याने मला विचारलं.

"काय?"

मग तो सावकाश, मला कळेल असं बोलला. चौथ्या दिवशी मुलाची पाठीवरची बॅग सापडली होती. इथं नाही, खाली, नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर, वाहून आलेल्या झाडांमध्ये. त्या पुरात अख्खी झाडं समुद्रात गेली होती. मुलगाही गेला. नदीत आता शोधण्यासारखं काही नाही. हे पोलिसांनी वडील येईपर्यंत थांबून त्यांनाच सांगितलं होतं, तेव्हा नेव्हिल स्वतः हजर होता. वडील म्हणाले होते, बायकोला मी सांगेन.

"मी हे घर त्यांना देणार नाही," तो म्हणाला. "त्या खिडकीत बसून त्यांनी वाट बघायची, आणि मला माहीत असायचं. ते मला जमणार नाही."

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "एवढा वेळ काय म्हणतोय तो? भाडं वाढवलं का?"

माझ्या मनात आलं, काहीतरी दुसरं सांगावं. घर दुसऱ्याला दिलंय म्हणावं. पण मग त्या दुसरं घर शोधतील, दुसऱ्या खिडकीशी बसतील. मी देवाचं नाव घेतलं आणि सांगितलं.

"काकू, अभिनव इथं नाही. तो त्याच आठवड्यात समुद्रात गेला. त्याची बॅग समुद्राच्या वाळूवर सापडली होती."

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना माहीत होतं?"

"हो."

त्यांनी शाल काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या दाराने बाहेर गेल्या. लाकडांच्या शेडपाशी नळ होता, खाली पाण्याने भरलेली बादली. वर बर्फाची साय धरलेली. त्यांनी ती हाताने मोडली, बादली उचलली आणि लुगड्या-स्वेटरसकट डोक्यावरून ओतून घेतली. नळ सोडला, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आमच्यात मृत्यूची बातमी उशिरा कळली तर ऐकल्याक्षणी अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करतात. माझ्या आजोळी मी हे पाहिलेलं होतं. पण तिथं कढत ऊन होतं आणि बायका भोवती होत्या.

नेव्हिल धावत आला. "काय करतायत त्या? थांबवा त्यांना."

"मुलासाठी आहे," मी म्हटलं. त्याहून जास्त इंग्रजी मला सुचलं नाही.

तो आत गेला, घोंगडी आणून माझ्या हातात दिली आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

परतताना मी गाडीतला हीटर पूर्ण लावला तरी काकूंचे दात वाजत होते. घाट चढून वर आलो तेव्हा त्या एकदाच बोलल्या. "राजश्री, मी आता राहायला कुठं जाऊ? नदीला काठ असतो. समुद्राच्या कुठल्या जागी बसायचं?"

मी हीटरचा झोत त्यांच्या पायांकडे वळवला. 

घरी काकांनी दार उघडलं. ओले केस बघून त्यांना सगळं समजलं. ते बाजूला झाले, काकू आत गेल्या. मला वाटलं आता भांडण होईल, निदान रडणं तरी. काकूंनी बाळकृष्ण फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला, कारण आता सुतकात त्यांना त्याला शिवायचं नव्हतं. तेवढ्यात बाथरूममधून बादली ओतल्याचा आवाज आला. काका कपड्यांसकट आंघोळ करत होते. बायकोला सांगितलं नाही म्हणून इतके महिने त्यांनी तीही केली नव्हती.

मी बिनफोडणीचं वरण आणि भात केला. दोघं समोरासमोरच्या पलंगांवर बसली होती. एकमेकांकडे बघत नव्हती. ताटं तशीच राहिली. त्यांच्या खोलीचं दार मी ओढून घेतलं आणि आमच्या दिव्यापाशी येऊन बसले. माळ हातात घेतली. आतापर्यंत रोज एकच मागत होते, तो सापडू दे, कसाही सापडू दे. त्या दिवशी माळ हातात राहिली आणि मागायला काही नव्हतं.