चौकटीबाहेरचा खांदा

आमच्या गावच्या जत्रेतल्या त्या मानाच्या कुस्तीचा विषय निघाला की मी उठून जातो. त्या कुस्तीला पंच असलेल्या वस्तादांची नजर गेली होती, असं आज गावात सगळे सांगतात. त्यांनी ते टीव्हीवर पाहिलेलं असतं, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेलं असतं. टीव्हीवर ते दाखवलं मी. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

१९९८ साली मी मुळशीत केबल सुरू केलं, तेव्हा डिशची छत्री बसवायला उंच, मोकळा स्लॅब हवा होता. वस्तादांनी त्यांचा दिला. “कुस्त्या दाखवशील का रं त्यात?” एवढंच त्यांनी विचारलं. तरुणपणी ते स्वतः फड गाजवलेले पैलवान. पुढे गावात तालीम चालवली आणि रिह्यापासून माणपर्यंतच्या जत्रांत पंच म्हणून उभे राहिले. त्यांनी दिलेला निकाल कुणी उलटवल्याचं मला आठवत नाही.

कुस्त्या दाखवायला मला अकरा वर्षं लागली. तोवर माझ्या गावच्या चॅनेलवर लग्नाच्या कॅसेटी चालायच्या. व्हीसीआरमधलं चित्र एका डब्यातून केबलच्या चॅनेलवर चढवायचं, त्या डब्याला मॉड्युलेटर म्हणतात. मग माणच्या बाजूला इमारती उठल्या, आयटीतले भाडेकरू आले आणि एचडी हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. २००९च्या जत्रेआधी मी पुण्याहून नवा डबा आणला. एचडी कॅमेऱ्याचं चित्र आत घ्यायचं आणि साध्या टीव्हीला चालेल असं करून मॉड्युलेटरला द्यायचं, हे त्याचं काम. मी टपरीवर सांगत सुटलो, की आता मातीचा कण न् कण दिसेल, आणि हे यंत्र कधी खोटं दाखवत नाही.

एक अडचण मला माहीत होती. एचडीचं चित्र रुंद, आणि घरोघरचे टीव्ही जवळजवळ चौकोनी. डब्यावर त्यासाठी एक बटण होतं. पूर्ण चित्र दाखवायचं तर वरखाली काळ्या पट्ट्या येत. पडदा भरून दाखवायचं तर दोन्ही बाजूंच्या कडा कापल्या जात. मी पट्ट्या ठेवल्या होत्या. दुपारी लहान कुस्त्या सुरू झाल्या आणि फोन येऊ लागले. एक मावशी म्हणाल्या, “तुमच्या टीव्हीला वरनं खालनं काजळ लागलंय. बारका बारका पैलवान दिसतुया. पैलवान हायेत का मुंग्या?” तासभर असले फोन घेतले आणि शेवटी वैतागून बटण फिरवलं. पडदे भरले, फोन थांबले. कॅमेरावाला माझ्या केबलच्या खोलीपासून वीस पावलांवर, आखाड्याशेजारच्या मचाणावर उभा होता. त्याला कॅमेऱ्यात पूर्ण रुंद चित्र दिसत होतं. दोन्ही पैलवान त्यात आहेत एवढंच तो सांभाळत होता. कडा कापल्या जात आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नाही.

मानाची कुस्ती आमच्या गावचा पैलवान आणि एक पाहुणा यांच्यात होती. वीसेक मिनिटांनी पाहुण्यानं घिस्सा डाव मारला आणि दोघं आखाड्याच्या कडेला घसरत गेले. वस्ताद मातीत आडवे झाले, शिट्टी वाजवली आणि पाहुण्याचा हात वर केला. त्या बाजूला बसलेल्यांनी निकाल मानला. पण घरात बसलेले बाहेर आले. टीव्हीवर एक खांदा वर असलेला दिसला, तो तसाच पडद्याच्या कडेबाहेर गेला आणि शिट्टी वाजली; दुसरा दिसलाच नव्हता. पाठ लागायच्या आत वस्तादांनी शिट्टी मारली, असं होऊन गेलं. पोरांनी हरलेल्याला खांद्यावर घेतलं. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, म्हणून फोन आले. चॅनेलवर गेलेलं चित्र मी डीव्हीडीवर घेतलं होतं. तेच त्या संध्याकाळी तीनदा लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा पुन्हा.

दुपारी कॅमेऱ्यातली मूळ टेप मॉनिटरवर लावली. तिच्यात कडा शाबूत होत्या. दोन्ही खांदे मातीत रुतलेले स्पष्ट दिसत होते, आणि वस्तादांचा गाल जवळजवळ मातीला टेकलेला. मी ती चार वेळा पाहिली. तीच टेप चॅनेलवर लावणं पाच मिनिटांचं काम होतं. पण मग यंत्रानं चित्र कापलं होतं आणि ते मीच कापायला लावलं होतं, हे सांगावं लागलं असतं. टपरीवरचं हसू मला ऐकू येऊ लागलं. दोन दिवस जाऊ देत, असं मी मनाशी म्हणालो.

चारच्या सुमारास वस्ताद स्वतः जिना चढून माझ्या खोलीत आले.

“सकाळपास्नं सात येळा बघितलं,” ते म्हणाले. “मला दोनी खांदे मातीत दिसलं व्हतं. टीव्हीत एक वर हाय. तू हितं यंत्रापाशी व्हतास. माझ्या डोळ्यांला काय झालंय का रं?”

टेप आमच्या दोघांच्या मधे टेबलावर होती.

“वस्ताद,” मी म्हणालो, “जे झालं तेच आलंय टीव्हीत.”

त्यांनी मान हलवली. चहा पूर्ण प्यायला. जिन्यापाशी थांबून म्हणाले, “बरं झालं तू दावलंस. न्हाईतर त्या पोरावरचा अन्याय तसाच ऱ्हायला असता.”

ते तिथून थेट आमच्या गावच्या त्या हरलेल्या पैलवानाच्या घरी गेले आणि चारचौघांसमोर हात जोडून माफी मागून आले. शिट्टी तालमीच्या कोनाड्यात ठेवली ती पुन्हा घेतली नाही. पौडला जाऊन डोळे तपासले. डॉक्टरांना वयाच्या मानानं काही खोट दिसली नाही, तरी हट्टानं बारीक नंबरचा चष्मा करून घेतला. तालमीत पोरांची जोड बघतानाही तो पुसत असत. मला पाहिलं की “चांगलं चाललंय न्हवं?” असं विचारत. मी व्हय म्हणत असे.

त्याच महिन्यात मी त्या टेपवर एक लग्न घेतलं. कोऱ्या टेपांचा खोका कपाटात होता.

वस्ताद जाऊनही आता बरीच वर्षं झाली. केबलही मी कधीच बंद केलं. तो हरलेला पैलवान आता माणला राहतो; गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. आता त्याची खोल्यांची चाळ आहे, पोट सुटलं आहे. मी सगळं सांगितलं. तो उठून अंगणातली भाडेकरूची मोटारसायकल सरळ लावून आला.

“पाठ माझी व्हती, काका,” तो म्हणाला. “मला कळलं न्हाई व्हय?”

“मग त्यांनी हात जोडले तेव्हा?”

“तुमी टीव्हीत दावत व्हता की,” तो म्हणाला.

तेव्हा हे इथे स्पष्ट लिहितो. ती कुस्ती चितपट झाली होती. वस्तादांनी ती बरोबर दिली होती आणि त्यांची नजर शाबूत होती. येत्या जत्रेला कुस्त्या सुरू होण्याआधी हा कागद मी आखाड्यात वाचणार आहे. पैलवान शेजारी उभा राहतो म्हणाला आहे. तो नाही आला, तरी वाचणार आहे.