छपराला टेकवलेला हात

काल माझ्या गाडीतून उतरताना शेजारच्या बापूंनी आधी डावा तळहात छपराला घट्ट टेकवला आणि मगच उजव्या हाताने पट्टा सोडला. गाडी आमच्या गल्लीत सरळ उभी होती.

बापू वीस वर्षं कोल्हापूर-सांगलीकडच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळवत. ती शर्यत म्हणजे मारामारीच. पुढच्याला मागून ठोकायचं, शेजारच्याला बांधावर दाबायचं, दार फाटून लोंबलं तरी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. बापूंच्या तीन बरगड्या आणि पुढचे दात त्या मातीत गेले. कुठल्या शर्यती जिंकल्या, ते आता त्यांना नीट सांगता येत नाही.

हाताचं मी विचारलं.

"गाडी उलटली की माणूस पट्ट्याला उलटा लोंबकळतो," ते म्हणाले. "हात न टेकवता पट्टा सोडला, तर सगळं वजन मानेवर येतं. आमच्याबरोबर शर्यतीत पळणाऱ्या दिलीपनं घाईत तेच केलं. गाडी चार कोलांट्या खाऊन थांबली, तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता त्याच्या. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि त्यानं पट्टा सोडला."

मला वाटायचं, आपटणं, चेंगरणं, पत्र्याचा तो आवाज, सगळं घडून संपतं. ते संपत नसावं. शर्यती सुटल्या, केस पिकले, तरी ते तळहातात दबा धरून बसलेलं असतं.

मी माझा पट्टा सोडायला गेलो. बापूंनी माझं मनगट पकडलं, दुखेल इतकं.

"आधी हात."

मी छपराला हात टेकवेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.